किरणांचा मारा बियाण्यावर, हिशेब पुढच्या पिढ्यांत

नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी मिळून थोडं बियाणं अंतराळ स्थानकात पाठवलं. त्यात ज्वारी होती आणि मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक चिमुकलं रोप होतं. एप्रिल २०२३ मध्ये ते बी पृथ्वीवर परत आलं. अशी बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. या बियांतून आता काहीतरी अचाट उगवणार का? आणि असलं पीक खाल्लं तर आपलं काय होईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेकांची निराशा करतं. असं बी पेरलं की बहुधा साधीच रोपं येतात, फार तर थोडी खुरटी. जे काही घडलंय ते त्या रोपांत दिसतच नाही. ते त्यांच्या बियांतून आलेल्या रोपांत, म्हणजे एक पिढी उलटल्यावर दिसायला लागतं. किरण आणि रसायनं वनस्पतीचं नेमकं काय करतात हे समजून घ्यायचं, तर रोपाला झालेली जखम आणि पुढे वारशात जाणारा बदल ही दोन खाती आधी वेगळी करावी लागतात. या विषयातले बहुतेक गैरसमज ही खाती एकत्र केल्यामुळे होतात.

## नक्कल करताना होणारी चूक

पेशीतला डीएनए हा ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर आहे. पेशी दुभंगण्याआधी त्याची पूर्ण नक्कल होते. नक्कल करणारी यंत्रणा कमालीची काटेकोर असली, तरी अधूनमधून चुकते. चूक दुरुस्त न होता कायम राहिली, की तिला उत्परिवर्तन म्हणतात. अरॅबिडॉप्सिसचा मजकूर सुमारे १३ कोटी अक्षरांचा आहे आणि दर पिढीला त्यात आपोआप होणारे बदल साधारण एक भरतात. एवढा कमी वेग निसर्गाला पुरतो, कारण त्याला घाई नसते. एका आयुष्यात नवं वाण काढू पाहणाऱ्या पैदासकाराला तो पुरत नाही.

हा वेग वाढवणाऱ्या कोणत्याही गोष्टीला उत्परिवर्तक म्हणतात. क्ष-किरणांनी हे करता येतं, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवलं. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी बार्ली आणि मक्यावर तेच सिद्ध केलं. रसायनांचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शार्लट ऑरबाख यांच्या मस्टर्ड वायूवरच्या कामातून मिळाला. वायू युद्धातला असल्यामुळे ते निष्कर्ष बराच काळ गुपित राहिले.

## किरण पान फाडतात, रसायन अक्षर पुसट करतं

गामा किरण पेशीतून जाताना डीएनएला थेट धक्का देतात. शिवाय पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडून अतिशय खवळलेले रासायनिक तुकडे तयार करतात आणि तेही डीएनएवर तुटून पडतात. मोठं नुकसान होतं ते डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की. पेशी ही टोकं घाईघाईने चिकटवते. फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडताना काठावरची चार-दोन अक्षरं गळावीत, तशी इथे अक्षरं गळतात. कधी अख्खा परिच्छेद जातो. एकाच वेळी दोन पानं फाटली असतील, तर एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो, म्हणजे एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसतो.

रसायनाची तऱ्हा निराळी आहे. वनस्पतींवर सर्वाधिक वापरलं जाणारं रसायन म्हणजे इथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजेच ईएमएस. ते डीएनएतल्या ‘जी’ या अक्षराला एक छोटा रासायनिक गट चिकटवतं. मजकूर तुटत नाही, पण ‘ध’ची गाठ पुसट होऊन तो ‘घ’ वाटावा तसं होतं. नक्कल करणारा ‘धन’ऐवजी ‘घन’ लिहून मोकळा होतो आणि पुढच्या सगळ्या प्रतींत ‘घन’च उतरतं. डीएनएच्या भाषेत सांगायचं, तर दोन धाग्यांवर समोरासमोर बसणारी जी-सी ही जोडी ए-टी होते. ईएमएसने होणारे बहुतेक बदल याच एका जातीचे असतात.

या फरकाला व्यवहारात मोल आहे. एखादं जनुक बंद पाडायचं असेल, तर गामा किरण उपयोगी पडतात. जनुक चालू ठेवून त्याच्या प्रथिनात बारीकसा फरक हवा असेल, तर ईएमएस बरं. काही पिकांत तणनाशक सहन करण्याची क्षमता अशीच आली. ज्या विकराला (एन्झाइमला) तणनाशक जखडतं, त्यातला एकच घटक बदलला आणि विकराचं काम मात्र चालू राहिलं.

बदल कुठे होईल हे दोन्ही पद्धतींत आपल्या हाती नसतं. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेने एखाद्या वेळी अक्षरासारखा आकार उमटतो, त्याला घुणाक्षर न्याय म्हणतात. इथे तोच न्याय लागू आहे. किडा लिहीत नसतो. उमटलेलं अक्षर ओळखणारा डोळा लागतो आणि पोखरलेलं लाकूडही भरपूर लागतं.

## मात्रा किती, आणि चुकतं कुठे

शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक आहे ग्रे. एक किलो वस्तूने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. माणसाच्या सर्व शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर जगणं कठीण असतं. भाताच्या कोरड्या बियाला मात्र १५० ते ३०० ग्रे देतात. मोहरीच्या कुळातलं बी याहून कितीतरी जास्त सोसतं. उलट कलमाच्या हिरव्या काडीला बहुधा काही दशक ग्रेच देता येतात. बी कोरडं असतं, झोपलेलं असतं, त्याच्या पेशी दुभंगत नसतात, म्हणून ते तगतं.

झोपेइतकाच ओलाव्यालाही अर्थ आहे. फार कोरडं बी जास्त सुरक्षित असेल असं वाटतं, पण घडतं उलटंच. अतिकोरड्या बियात किरणांनी तयार झालेले खवळलेले तुकडे टिकून राहतात आणि पेरणीपूर्वी भिजवताना ऑक्सिजनशी जुळून नुकसान वाढवतात. म्हणून बियांचा ओलावा आधी १२ ते १४ टक्क्यांवर आणतात. त्यासाठी ६० टक्के ग्लिसरॉलच्या द्रावणावर बंद भांड्यात बी सुमारे आठवडाभर ठेवतात. ही पायरी गाळली, तर एकाच मात्रेचे दोन प्रयोग दोन वेगळे निकाल देतात आणि दोष विनाकारण किरणांवर जातो.

दुसरी चूक स्रोताची. गामा किरणांचा नेहमीचा स्रोत कोबाल्ट-६०. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ५.२७ वर्षं, म्हणजे त्याचा जोर वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास घटतो. दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावरून वेळ लावली, तर ठरवलेल्या मात्रेच्या जेमतेम तीन-चतुर्थांश मात्रा बियाला मिळते.

योग्य मात्रा पुस्तकातून उचलायची नसते. त्याच वाणाच्या बियांच्या सहा-सात वाटण्या करून एकीला शून्य आणि बाकीच्यांना चढत्या मात्रा देतात. दोन आठवड्यांच्या आत रोपांची उंची मोजतात आणि ती ३० ते ५० टक्क्यांनी घटवणारी मात्रा शोधतात. मोठा प्रयोग त्या आसपासच्या मात्रांवर होतो. मात्रा वाढवली तर बदल जास्त मिळतील हा हिशेब फसवा आहे, कारण जगणारी रोपं थोडी उरतात, त्यातली बरीच वांझ निघतात आणि उरलेल्या प्रत्येकात चांगल्या बदलासोबत डझनभर वाईट बदल चिकटलेले असतात.

ईएमएसचं गणित वेळ आणि तापमानाचं. बी आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे द्रावण आत सारखं शिरतं. मग ०.२ ते १.५ टक्क्यांच्या ताज्या द्रावणात, पिकानुसार ६ ते १६ तास, हलवत ठेवतात. पाण्यात ईएमएस आपोआप विघटित होतं. २० अंश सेल्सियसला ते निम्मं व्हायला सुमारे ९३ तास लागतात, ३० अंशांना फक्त २६. म्हणजे खोली तापली की औषध झपाट्याने घटतं, शिवाय विघटनातून आम्ल तयार होऊन बी वेगळ्याच कारणाने मरतं. म्हणून तापमान स्थिर ठेवतात आणि सामू (पीएच) ७ च्या आसपास बांधून ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण वापरतात. शेवटी बी वाहत्या पाण्याखाली काही तास धुतात. धुण्यात आळस केला, तर चिकटून राहिलेलं रसायन आपलं काम करतच राहतं.

सोडियम अझाइड हे दुसरं लोकप्रिय रसायन. ते सामू ३ च्या आसपास, म्हणजे आम्लात असतानाच नीट काम करतं, पण त्याच आम्लात त्यातून अत्यंत विषारी वायू निघतो. शिवाय ते धातूच्या नळात सांडलं, तर स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. ईएमएस तर कर्करोगकारक मानलं जातं. म्हणून ही कामं विषारी वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात हातमोजे घालून होतात आणि उरलेलं ईएमएस सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करूनच टाकतात. समाजमाध्यमांवर बाल्कनीत हे करून पाहण्याचे सल्ले फिरतात. ते निखालस बेजबाबदार आहेत.

## पहिली पिढी: ठिगळांची गोधडी

मारा झालेल्या बियातून उगवलेल्या पिढीला एम-१ म्हणतात. तिच्याकडे पाहून बहुतेक जण फसतात.

बियातल्या कोंबाच्या टोकाला अनेक पेशी असतात आणि मारा प्रत्येकीवर स्वतंत्रपणे होतो. एकीत एक बदल, शेजारणीत दुसरा, तिसरी धडधाकट. या पेशी वाढून रोपाचे वेगवेगळे भाग बनतात, म्हणून एम-१ रोप म्हणजे ठिगळांची गोधडी असते. एका फांदीत असलेला बदल दुसरीत नसतो.

शिवाय प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. मारा दोन्ही प्रतींत एकाच जागी बसण्याची शक्यता नगण्य. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवते, म्हणून बदल झाकलेला राहतो. अशा झाकून राहणाऱ्या बदलाला अप्रभावी म्हणतात आणि उत्परिवर्तनांत अशांचीच गर्दी असते.

मग एम-१ मध्ये दिसतं ते काय? खुरटलेली वाढ, चिरलेली पानं, पांढरे पट्टे, उशिरा येणारा फुलोरा. यातलं बरंचसं पेशींच्या जखमेमुळे होतं आणि पुढे जात नाही. एम-१ मधलं बुटकं रोप पाहून बुटकं वाण मिळालं म्हणणं, म्हणजे पाय मोडलेल्या माणसाची मुलंही लंगडतील असं म्हणणं.

वांझपणाचं मात्र थोडं वेगळं आहे. गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झाले असतील, तर परागकणांचा मोठा हिस्सा पोकळ निघतो आणि हा दोष पुढच्या पिढीतही उतरू शकतो. त्यातून एक सापळा तयार होतो. स्वतःच्या परागावर बी धरणाऱ्या पिकातही वांझ फुलं जास्त वेळ उघडी राहतात आणि शेजारच्या वाणाचा पराग घेतात. पुढच्या पिढीत त्यातून संकरित रोपं येतात आणि तीच उत्परिवर्तनं म्हणून मिरवली जातात. म्हणून एम-१ ची लागवड इतर वाणांपासून दूर करतात, नाहीतर फुलोऱ्यावर पिशव्या चढवतात.

## दुसरी पिढी: पत्ते उघडतात

एम-१ च्या बियांतून आलेली पिढी म्हणजे एम-२. स्वपरागीभवनाने बिघडलेल्या दोन प्रती आता एकाच रोपात एकत्र येऊ शकतात. शाळेत शिकलेलं ३:१ हे प्रमाण इथे लागतं, म्हणजे चारातल्या एका रोपात बदल उघडा पडतो.

निदान कागदावर. गोधडी आठवा. अरॅबिडॉप्सिसच्या बियात पुढची बीजं घडवणाऱ्या पेशी दोनच असतात असं मानतात. त्यातल्या एकीतच बदल असेल, तर निम्मं बी धडधाकट पेशीतून येतं आणि प्रमाण ७:१ होतं. अशा पेशी चार असतील तर १५:१. म्हणून कुटुंब मोजताना ३:१ सापडलं नाही की गडबडून जायचं नसतं.

एम-१ च्या एकाच कणसात बदल पूर्णपणे पसरला आहे असं धरू. त्यातल्या किती बिया पेरल्या, तर निदान एक बदललेलं रोप दिसेल? दहा पेरल्या तर शक्यता ९४ टक्के, अकरा पेरल्या तर ९६ टक्क्यांच्या जवळ. त्यापुढे त्याच कणसाची पन्नास रोपं लावण्यात जागा वाया जाते. त्याऐवजी जास्त कणसं, प्रत्येकाच्या थोड्या बिया. सगळ्या कणसांचं बी एकाच पोत्यात मिसळलं, की कोणतं रोप कुठून आलं हा माग कायमचा पुसला जातो.

एम-२ ची पहिली खूण वाफ्यातच दिसते. हिरव्या रोपांत मधेच पूर्ण पांढरं, पिवळं, फिकट हिरवं रोप येतं. हरितद्रव्य बनवायला खूप जनुकं लागतात, त्यातलं कुठलंही बिघडलं की रंग जातो. पांढरी रोपं बियातला साठा संपला की मरतात, पण मारा लागू पडला की नाही हे त्यांच्या संख्येवरून कळतं. ती अजिबात दिसली नाहीत, तर पुढची मेहनत बहुधा फुकट.

हवं तसं रोप सापडलं तरी ते फक्त उमेदवार असतं. एम-३ मध्ये त्याची ओळ लावून पाहतात. सगळी ओळ तशीच आली तर गुण वारशाचा, नाही आली तर तो खताचा किंवा सावलीचा प्रताप. नंतर मूळ वाणाशी पुन्हा संकर करतात, कारण सोबत आलेला कचरा काढायचा असतो. प्रत्येक संकरात दूरवरचे नको असलेले बदल साधारण निम्मे होतात. सगळं जमून आलं तरी वाण म्हणून मान्यता मिळेपर्यंत सात-आठ पिढ्या सहज जातात.

कलमाने वाढणाऱ्या झाडांत बीच मधे येत नाही, त्यामुळे गोधडी आपोआप उसवत नाही. पुन्हा पुन्हा छाटून, नव्या डोळ्यांवरून कलमं करून एकजिनसी फांदी मिळवावी लागते. जपानमध्ये १०० मीटर त्रिज्येचं एक गोल शेत होतं, मध्यभागी कोबाल्ट-६०. तिथे १९६२ मध्ये लावलेल्या एका नाशपातीच्या झाडावर, काळ्या ठिपक्यांचा रोग न लागलेली एकच फांदी १९८१ मध्ये लक्षात आली. पुढे तिच्यापासून वाण झालं.

## गव्हात सुरुवातीला काहीच का सापडेना?

स्टॅडलर यांना बार्लीत जेवढे बदल दिसले, त्या मानाने गव्हात फारच थोडे दिसले. मारा तेवढाच होता. पण पोळीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, म्हणजे एकच काम करणारी जनुकं बहुधा तीन जागी. एक बिघडलं तर उरलेली दोन निभावून नेतात. गंमत अशी की याच कारणामुळे गहू बदल फार मोठ्या संख्येने पचवतो. ईएमएस दिलेल्या गव्हात २५ हजार अक्षरांमागे एक बदल इतकी दाटी मिळाली आहे. अरॅबिडॉप्सिसची सहनशक्ती याच्या आसपासही नाही.

## बिघाडातून चांगलं कसं निघतं?

हा आक्षेप रास्त आहे, आणि स्टॅडलर स्वतःही पैदाशीतल्या उपयोगाबद्दल साशंक होते. पण झाडाच्या दृष्टीने बिघाड असलेली गोष्ट शेतकऱ्याच्या सोयीची असू शकते. भातात उंची वाढवणारं संप्रेरक बनवायला मदत करणारं एक जनुक आहे. ते लंगडं पडलं की रोप बुटकं राहतं, खत दिलं तरी लोळत नाही. कॅलिफोर्नियातलं कॅलरोज ७६ हे वाण गामा किरणांनी याच जनुकात बिघाड होऊन मिळालं. हरितक्रांतीतल्या बुटक्या भातांतही तेच जनुक बिघडलेलं आहे, फक्त तिथे काम निसर्गाने केलं होतं. बार्लीत भुरी रोगाला दार उघडून देणारं एक जनुक १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी बंद पडलं. दार गेलं, रोगाची वाटच गेली. त्याच जनुकातला बिघाड इथिओपियातल्या जुन्या बार्लीतही आढळला.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नोंदीत अशी ३,२०० हून जास्त वाणं आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-२४ हा भुईमूग त्याच परंपरेतला.

## हे पीक किरणोत्सारी असतं का?

नाही. उन्हात वाळवलेला कपडा रात्री उजेड देत नाही. कोबाल्ट-६० च्या गामा किरणांची ऊर्जा बियातल्या अणूंना किरणोत्सारी करण्याइतकी नसते. न्यूट्रॉनच्या माऱ्यात मात्र थोडा किरणोत्सार उरू शकतो. तो ओसरेपर्यंत बी वेगळं ठेवतात. रसायनाचीही तीच गत. ईएमएस विघटित होतं आणि वाण बाजारात येईपर्यंत मूळ बियातला पदार्थ पिढ्यांमागून पिढ्या विरळ होत गेलेला असतो. पुढे जातो तो बदललेला मजकूर. शाई जात नाही.

बाहेरचं जनुकही इथे घातलेलं नसतं. तरी कायदा सगळीकडे सारखा नाही. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये उत्परिवर्तनाने मिळालेले जीव जनुकीय बदल केलेल्यांतच धरले, पण दीर्घकाळ सुरक्षितपणे वापरलेल्या पद्धतींना नियमांतून सूट कायम ठेवली. कॅनडा पद्धतीकडे न बघता गुण नवा आहे का ते बघतो. मला कॅनडाची रीत जास्त सरळ वाटते, कारण नको असलेला गुण साध्या संकरातूनही येऊ शकतो आणि तपासायचा असतो तो गुणच.

## आणि चेर्नोबिल?

वर वर्णन केलेला मारा एकदाच होतो. चेर्नोबिलच्या आसपास १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तो मातीतून चालूच राहिला. अणुभट्टीजवळच्या पाइनना सुरुवातीलाच ६० ते १०० ग्रे मिळाले. ते मेले आणि लालसर पडले, म्हणून त्या पट्ट्याला लाल जंगल म्हणतात. त्यांच्यातले बर्च मात्र बरेच वाचले. पाइनची गुणसूत्रं फार मोठी असतात, म्हणून किरणांना लागणारं लक्ष्यही मोठं.

तिथल्या दूषित जमिनीत एक पिढी वाढवलेल्या गव्हात, डीएनएत नक्कल करताना सहज चूक होणाऱ्या काही जागी उत्परिवर्तनाचा वेग सहापट आढळला. किरण न लागलेल्या पुढच्या पिढ्यांतही वाढलेला वेग आठवणीसारखा टिकतो का, यावर मतभेद आहेत. अरॅबिडॉप्सिसवरच्या एका प्रयोगात तो टिकल्याचं २००६ मध्ये मांडलं गेलं, पण नंतरच्या प्रयोगांत ते सरसकट खरं ठरलं नाही.

त्या परिसरात नंतर उगवलेल्या पाइनांपैकी काहींचा मुख्य शेंडा हरवलेला दिसतो. झाड सरळ न वाढता झुडपासारखं पसरतं. छायाचित्रं पाहून त्याला उत्परिवर्ती पाइन म्हणून मोकळं होता येतं. पण कोवळ्या शेंड्याला थेट जखम झाली तरी झाड असंच दिसतं. नुसत्या दिसण्यावरून निकाल देता येत नाही. या झाडांचं बी स्वच्छ मातीत लावून त्याची रोपं आणि मग त्या रोपांचीही रोपं पाहावी लागतील, आणि पाइनला पहिलं बी धरायलाच बरीच वर्षं लागतात.